घाटमाथ्यावरची नृत्यशाळा

उन्हाळ्याची सुटी संपत आली की शहरांतील छोटी-मोठी सभागृहे घुंगरांच्या आवाजाने भरून जातात. विद्यापीठांचे नृत्य विभाग असोत की खासगी वर्ग, सुटीत भरलेल्या नृत्यशिबिरांचा समारोप विद्यार्थ्यांच्या सादरीकरणाने होतो. समोर आई-वडील, आजी-आजोबा बसलेले असतात. रंगमंचावर पहिल्यांदाच उभी राहिलेली मुलगी तबल्याच्या समेवर पाऊल पडते की नाही या धास्तीत असते आणि विंगेत उभ्या असलेल्या गुरूंचे ओठ तिच्याबरोबर बोल म्हणत असतात. प्रेक्षकांना वाटते की परीक्षा मुलीची आहे. खरी परीक्षा असते ती विंगेतल्या व्यक्तीची.

हे दृश्य आज इतके सवयीचे झाले आहे की ते कधीकाळी अशक्य कोटीतले होते, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. सुशिक्षित घरातील मुलीने शास्त्रीय नृत्य शिकावे, तेही एखाद्या संस्थेत राहून, आणि शिकलेले चारचौघांसमोर तिकीट लावून दाखवावे, ही कल्पनाच १९३०च्या आसपासच्या मध्यमवर्गाला धक्का देणारी होती. ती ज्या मोजक्या व्यक्तींनी सत्यात उतरवली, त्यांत मुंबई आणि खंडाळा ही कर्मभूमी असलेल्या एका कलावतीचे नाव अग्रभागी येते. लीला सोखे हे त्यांचे व्यवहारातले नाव. साऱ्या जगाने त्यांना ओळखले ते मात्र मादाम मेनका या नावाने.

जिथे किनारपट्टी संपते

खंडाळा तसे पुणे जिल्ह्यात मोडते. पण त्याच्या कड्यावर उभे राहिले की पायाखाली पसरलेला दिसतो तो रायगड जिल्हा. खाली खोपोली, तिथून पुढे निघालेली पाताळगंगा, आणि ती जिथे जाऊन मिळते त्या धरमतरच्या खाडीपलीकडे अलिबागचा किनारा. पावसाळ्यात या किनाऱ्यावरून उठलेले ढग सरळ येऊन बोरघाटाला धडकतात आणि खंडाळ्याला दिवसचे दिवस धुक्यात बुडवून टाकतात. मेनका यांच्या काळी या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव त्याला १९८१ मध्ये मिळाले. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागल्यापासून मुंबईकरांना कर्जतमार्गे खंडाळा गाठणे सोपे झाले होते आणि धनिकांचे बंगले तिथे उभे राहिले होते.

घाटाखालच्या किनारपट्टीत नृत्याला वाण नव्हती. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांत, गौरींच्या रात्री आगरी आणि कुणबी पाड्यांत बायका फेर धरीत होत्या. त्याला कुणी नावे ठेवीत नव्हते, कारण तो सणाचा आणि घराचा भाग होता. प्रश्न होता तो रंगमंचाचा. पैसे मोजून आलेल्या परक्या पुरुषांपुढे बाईने नाचणे म्हणजे काय, याचे त्या काळच्या समाजाने ठरवून टाकलेले उत्तर एकच होते. लावणी नाचणाऱ्या स्त्रियांची गणना कोठे होत असे हे सांगायला नको. मराठी संगीत रंगभूमीवर नायिकेच्या भूमिका पुरुष करीत आणि बालगंधर्वांच्या वेशभूषेचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. पण त्यांपैकी कुणी स्वतः रंगमंचावर पाऊल टाकणे निषिद्ध होते. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, तेव्हा ती मोठी घटना ठरली, यावरून त्या काळाची कल्पना यावी.

बारिसालची कन्या

लीला रॉय यांचा जन्म १८९९ मध्ये पूर्व बंगालमधील बारिसाल येथे झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. वडील बंगाली बॅरिस्टर, तर आई इंग्रज होती. घरात पैसा होता, शिक्षणाची ओढ होती आणि जुन्या रूढींचा जाच तुलनेने कमी होता. लीला यांचे शालेय शिक्षण दार्जिलिंगच्या कॉन्व्हेंटमध्ये आणि पुढे लंडनमध्ये झाले. संगीताचे त्यांचे पहिले संस्कारही पाश्चात्त्य होते. त्या व्हायोलिन शिकल्या. ज्या नृत्यशैलीसाठी त्यांनी पुढे आयुष्य वेचले, ती त्यांच्या बालपणी त्यांच्या आसपासही नव्हती.

लष्करी वैद्यकीय सेवेतील अधिकारी डॉ. साहिबसिंग सोखे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईकर झाल्या. डॉ. सोखे हे साधे गृहस्थ नव्हते. परळच्या ज्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार होत असे, तिचे पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट असे नामकरण झाले आणि या संस्थेचे पहिले भारतीय संचालक होण्याचा मान १९३२ मध्ये डॉ. सोखे यांच्याकडे गेला. नवऱ्याचा दिवस लशींच्या आणि औषधांच्या संशोधनात जाई, तर बायकोचा घुंगरांच्या रियाजात. त्या काळच्या मुंबईत एका बड्या सरकारी अधिकाऱ्याच्या पत्नीने नर्तकी व्हायचे ठरवणे आणि पतीने त्याला पाठबळ देणे, दोन्हीही विरळाच.

विख्यात रशियन नर्तिका ॲना पाव्हलोवा यांच्या भारतभेटींचा परिणाम त्या काळी अनेकांवर झाला. उदयशंकर यांनी १९२३ मध्ये लंडनमध्ये त्यांच्याबरोबर काम केले. मद्रासच्या रुक्मिणीदेवी यांनाही त्यांच्याच भेटीतून दिशा मिळाली. लीला सोखे यांनाही पाव्हलोवा यांनी आपल्याच देशाच्या नृत्याकडे वळण्याचे प्रोत्साहन दिले. पाश्चात्त्य संगीतावर वाढलेल्या, तिशीच्या उंबरठ्यावरच्या या स्त्रीने कथक शिकायला सुरुवात केली. ज्या वयात त्या काळच्या नर्तकी निवृत्तीकडे झुकत, त्या वयात हा श्रीगणेशा होता.

गुरूंच्या दारात

कथक हे तेव्हा वर्गात बसून शिकण्याचे शास्त्र नव्हते. लखनौ, जयपूर, बनारस येथील कथकांच्या घराण्यांत ते बापाकडून मुलाकडे जात होते. घराबाहेर ही विद्या जात असे ती तवायफांकडे, आणि त्यामुळे प्रतिष्ठितांच्या लेखी ती बदनाम होती. नाचगाण्याच्या विरोधात चळवळी झाल्या होत्या. मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा १९३४ मध्ये आला. या सुधारणांमागील हेतू माणुसकीचा असला तरी परिणाम दुहेरी झाला. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी ही कला जपली, त्या स्त्रियांचा आधार सुटत गेला आणि कला मात्र नव्या वारसांची वाट पाहत राहिली.

मेनका यांनी पं. सीताराम प्रसाद यांच्याकडे धडे घेतले. पुढे लखनौ घराण्याचे अध्वर्यू अच्छन महाराज आणि त्यांचे बंधू लच्छू महाराज यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. केरळच्या कथकळीचे शिक्षण त्यांनी करुणाकर मेनन यांच्याकडून, तर मणिपुरीचे नबकुमार यांच्याकडून घेतले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस त्या मुंबईच्या रंगमंचावर आल्या. स्वतःसाठी त्यांनी निवडलेले नाव होते मेनका. अप्सरेचे नाव घेणे हे त्या काळी धाडसच म्हटले पाहिजे, कारण टीकाकारांच्या हाती आयते कोलीत देण्यासारखेच ते होते. पण इंद्रसभेतील नृत्य हे पुराणांनी मान्य केलेले होते आणि त्या मान्यतेच्या आधारेच आपल्या कलेला नवी जागा मिळवून द्यायची, असा त्यामागील रोख दिसतो.

एकट्याच्या नाचातून समूहाकडे

मेनका यांचे वेगळेपण केवळ त्यांच्या स्वतःच्या नाचण्यात नव्हते. कथक हा मुळात एकट्याचा आविष्कार. नर्तक उभा राहतो, सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा सुरू होतो आणि ठाट, आमद, तोडे, परण, गत असा विस्तार करीत तो तबलजीशी सवाल-जवाब करतो. त्यातले पुष्कळसे त्या क्षणी सुचलेले असते. नर्तक, वादक आणि जाणकार रसिक या तिघांच्या संगनमतावर ही मैफल उभी असते. मोठ्या नाट्यगृहात, मागच्या रांगेत बसलेल्या नवख्या प्रेक्षकापर्यंत ती पोचत नाही.

मेनका यांनी हाच कथक समूहासाठी बांधला. कथा घेतली, तिचे प्रवेश पाडले, संवाद न वापरता केवळ नृत्य आणि संगीतातून ती मांडली. ‘कृष्णलीला’, ‘देवविजय नृत्य’, ‘मेनका लास्यम्’ ही त्यांची बॅले त्या काळी गाजली. कथक हा पाया ठेवून पात्राच्या प्रकृतीनुसार कथकळीचा आवेश आणि मणिपुरीचा लडिवाळपणा त्यांनी त्यात आणला. पोशाखांसाठी जुनी चित्रे आणि शिल्पे यांचा आधार घेतला. रामनारायण मिश्र, गौरीशंकर यांच्यासारखे घराण्यांत तयार झालेले नर्तक त्यांच्या संचात होते आणि वादकांत सरोदवादक सखावत हुसेन खाँ यांच्यासारखे दिग्गज.

परंपरेच्या अभिमान्यांना हे सगळे रुचले असे नाही. एकट्या नर्तकाची उपज गेली, आयत्या वेळची गंमत गेली, सर्वांनी एकाच वेळी एकच तोडा करायचा म्हणजे कवायतच झाली, असे आक्षेप घेण्यास जागा होती. आक्षेपात तथ्यही होते. पण समूहासाठी बांधलेल्या रचनेचा एक मोठा गुण असतो, तो म्हणजे ती शिकवता येते. तिचे तुकडे पाडता येतात, त्या तुकड्यांचा सराव घेता येतो, एकाने सोडलेली जागा दुसऱ्याला घेता येते. घराण्याच्या उंबऱ्याबाहेरच्या मुलीला कथकची वाट मोकळी झाली ती या शिकवण्याजोग्या रूपामुळे.

बर्लिन आणि युरोप

१९३६ मध्ये मेनका यांचा संच युरोपला गेला. बर्लिन ऑलिम्पिकच्या आधी तेथे आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरली होती. तीत भारतीय संचाने सन्मान मिळवला आणि त्यानंतर १९३८ पर्यंत जर्मनीसह अनेक देशांत त्यांचे शेकडो प्रयोग झाले. ‘टायगर ऑफ एश्नापूर’ या जर्मन चित्रपटातही हा संच झळकला. भारतीय वृत्तपत्रांना या यशाचे अप्रूप होते. पारतंत्र्यातील देशाची कला युरोपने वाखाणावी, याचा आनंद समजण्यासारखा होता.

या यशाला एक काळी किनारही होती. बर्लिनचा तो सोहळा नाझी राजवटीच्या छत्राखाली पार पडला. अमेरिकेच्या मार्था ग्रॅहम यांनी त्याचे निमंत्रण नाकारले होते. मेनका यांच्या संचाने ते स्वीकारले. पौर्वात्य गूढतेचे जर्मनीतील आकर्षण आणि तेथील राजवटीचे प्रचारतंत्र यांच्या मधोमध भारतीय कलावंतांचा हा संच वावरत होता. अलीकडच्या काळात जर्मनीतील संशोधकांनी त्या दौऱ्याची कात्रणे, छायाचित्रे आणि कार्यक्रमपत्रिका गोळा करून त्यांचा मोठा संग्रह उभा केला आहे. त्यामुळे मेनका यांच्या कर्तृत्वाबरोबर हा पेचही पुन्हा चर्चेत आला आहे.

त्या संचात एक चिमुरडी मराठी मुलगी होती. १९२८ मध्ये मुंबईत जन्मलेली दमयंती जोशी. तिची आई वत्सला जोशी यांच्या संमतीने ती मेनका यांच्या घरी वाढत होती आणि त्यांच्या गुरूंकडून शिकत होती. वयाची दहा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच तिने युरोपचे रंगमंच पाहिले. एका सामान्य मराठी घरातील आईने आपली मुलगी नाचासाठी सातासमुद्रापार पाठवावी, हा निर्णय १९३६ मध्ये किती कठीण असेल याचा अंदाज आजच्या पालकांना येणे अवघड आहे. मेनका यांचे मोठेपण सांगताना या आईच्या धैर्याचा विसर पडता कामा नये.

खंडाळ्यातील गुरुकुल

युरोपहून परतलेल्या मेनका यांनी खंडाळ्यात ‘नृत्यालयम्’ ही निवासी नृत्यशाळा सुरू केली. त्या दशकात अशा प्रयोगांची लाटच देशात आली होती. कवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० मध्ये केरळ कलामंडलम् स्थापन केले होते. रुक्मिणीदेवी यांनी १९३६ मध्ये मद्रासला कलाक्षेत्राचा पाया घातला. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांच्या पुढाकाराने मणिपुरी शिकवले जात होते आणि उदयशंकर यांनी हिमालयाच्या कुशीत अलमोऱ्याला केंद्र उभारले. योगायोगाची गोष्ट म्हणजे सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतही हेच घडत होते. व्हरमाँट राज्यातील बेनिंग्टन कॉलेजात १९३४ पासून उन्हाळ्याच्या सुटीत नृत्यशाळा भरू लागली होती. मार्था ग्रॅहम, डोरिस हम्फ्री यांच्यासारख्या नर्तिका तेथे शिकवीत आणि सत्राच्या शेवटी नव्या रचनांचे प्रयोग होत. आज विद्यापीठांच्या उन्हाळी नृत्यशिबिरांची जी प्रथा जगभर दिसते, तिचे एक मूळ तेथे आहे.

खंडाळ्याची निवड अनेक दृष्टींनी अर्थपूर्ण होती. मुंबईच्या गजबजाटापासून ही जागा दूर होती, पण रेल्वेने काही तासांच्या अंतरावर. घराण्याचे गुरू आणि शहरातील मुली यांना एका छपराखाली आणणे तेथे शक्य होते. ज्या विद्येसाठी पूर्वी शिष्याला गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहावे लागे, ती विद्या येथे कथक, कथकळी आणि मणिपुरी अशा तीन प्रवाहांत एकाच आवारात मिळू लागली. जन्माने कथक नसलेल्या, तवायफ नसलेल्या मुली घुंगरू बांधू लागल्या. मुंबईच्या पारशी समाजातील शिरीन वजिफदार याच शाळेत तयार झाल्या आणि पुढे त्यांनी आपल्या बहिणी खुर्शीद आणि रोशन यांना शिकवले. वजिफदार भगिनींचे नृत्य स्वातंत्र्योत्तर मुंबईने मनापासून पाहिले.

विदर्भकन्येची परीक्षा

मेनका यांनी १९३९ मध्ये रंगमंचावर आणलेले बॅले होते ‘मालविकाग्निमित्रम्’. कालिदासाच्या या नाटकाची निवड त्यांनी का केली असावी, हे नाटक वाचताना सहज उमगते. संस्कृत नाट्यवाङ्मयात विद्यार्थिनीच्या नृत्यसादरीकरणावर इतका मोठा प्रसंग दुसऱ्या कुठल्या नाटकात क्वचितच असेल.

मालविका ही विदर्भाची राजकन्या. दैवगतीने ती विदिशेच्या अग्निमित्र राजाच्या राणीकडे दासी म्हणून राहते आणि गणदास या नाट्याचार्याकडे नृत्य शिकते. राजवाड्यात हरदत्त नावाचा दुसरा आचार्यही आहे. दोघांमध्ये श्रेष्ठ कोण, असा वाद पेटतो. निवाडा करायला परिव्राजिका कौशिकी बसते आणि ती ठरवते की दोघांनी आपापली शिष्या सभेपुढे उभी करावी. आचार्याला किती येते हे महत्त्वाचे नाही, त्याने शिष्येत किती उतरवले हे पाहायचे. अंगांच्या हालचाली स्पष्ट दिसाव्यात म्हणून फार वेशभूषा नको, असेही ती बजावते. दुसऱ्या अंकात मालविका नाचते, कौशिकी तिचे नृत्य निर्दोष ठरवते आणि गणदासाची छाती फुगते.

पण कालिदासाने या परीक्षेला एक खोच ठेवली आहे. आचार्यांचे भांडण विदूषकाने मुद्दाम लावून दिलेले असते. राजाने मालविकेचे चित्र पाहिलेले आहे आणि तिला प्रत्यक्ष पाहण्याची त्याला घाई झाली आहे. म्हणजे सभेत एकाच वेळी दोन नजरा आहेत. गुरूची आणि परीक्षकाची नजर पदन्यास पाहते, राजाची नजर मुलगी पाहते. तिचे नृत्य संपताच राजाचा रसही संपतो आणि दुपार झाल्याचे निमित्त होऊन हरदत्ताच्या शिष्येची पाळी पुढे ढकलली जाते.

मेनका यांच्या साऱ्या धडपडीचे मर्म या दोन नजरांत आहे. नाचणाऱ्या बाईकडे राजाच्या नजरेने पाहण्याची सवय समाजाला लागली होती आणि त्या सवयीचे खापर मात्र बाईवर आणि तिच्या कलेवर फुटत होते. परिव्राजिकेच्या नजरेने पाहणारा प्रेक्षक घडवायचा असेल तर नृत्याला शाळा हवी, शिस्त हवी, कथेचा आधार हवा आणि शिकलेले तपासून घेण्याची जागा हवी. रंगमंचावर उभ्या असलेल्या मुलीमागे तिची विद्या दिसली पाहिजे, यासाठी त्यांनी घाटमाथ्यावर हा संसार मांडला होता.

अकाली अखेर

या संसाराला दीर्घ आयुष्य मात्र लाभले नाही. दुसऱ्या महायुद्धाने परदेशांचे रस्ते बंद केले, मोठा संच पोसणे अवघड झाले आणि मेनका यांची प्रकृतीही ढासळत गेली. उदयशंकर यांचे अलमोऱ्याचे केंद्रही याच काळात बंद पडले. राजाश्रय सरला होता आणि लोकशाही सरकारचा आश्रय अजून यायचा होता. त्या मधल्या पोकळीत या संस्था उभ्या होत्या. स्वातंत्र्य तोंडावर आले असताना १९४७ मध्ये मेनका यांचे निधन झाले. वय पन्नाशीच्याही आत होते. त्याच वर्षी त्यांचे गुरू अच्छन महाराज यांनीही जगाचा निरोप घेतला. अच्छन महाराजांचा मुलगा तेव्हा अवघा नऊ वर्षांचा होता. तो पुढे बिरजू महाराज म्हणून जगाला माहीत झाला.

संगीत नाटक अकादमीची स्थापना १९५३ मध्ये झाली. शासनाच्या शिष्यवृत्त्या, महोत्सव, सन्मान हे सगळे त्यानंतरचे. मेनका यांना यातले काहीच पाहायला मिळाले नाही. डॉ. सोखे त्यांच्यामागे अनेक वर्षे कार्यरत राहिले आणि १९५३ मध्ये सोव्हिएत संघाचा आंतरराष्ट्रीय शांतता पुरस्कार त्यांना मिळाला.

शिष्यांतून उरलेले

इमारत पडते, संच विखुरतो, पोशाखांना कसर लागते. मेनका यांच्या बॅलेंचे जिवंत प्रयोग आज पाहायला मिळत नाहीत. गुरूची परीक्षा शिष्यात होते हा कौशिकीचा निकष लावला, तरच त्यांचे काम मोजता येते.

त्यांच्या रचनांमध्ये वाटा असलेले लच्छू महाराज पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रमले आणि ‘मुघल-ए-आझम’ आणि ‘पाकिजा’ या चित्रपटांतील नृत्यांतून लखनौची नजाकत घराघरांत पोचली. दमयंती जोशी यांनी लखनौ आणि जयपूर अशा दोन्ही घराण्यांच्या गुरूंकडे शिक्षण पुढे चालू ठेवले आणि एकल कथक नर्तिका म्हणून देशात-परदेशात नाव मिळवले. साडी नेसून कथक करण्याची पद्धत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९६८ मध्ये, तर पद्मश्री १९७० मध्ये मिळाली. खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात आणि लखनौच्या कथक केंद्रात त्यांनी अध्यापन केले. घाटमाथ्यावरच्या शाळेतून निघालेली विद्या अशा रीतीने विद्यापीठाच्या वर्गात पोचली. गुरूचे छोटेखानी चरित्रही त्यांनी लिहिले. २००४ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज पुण्यात विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, मुंबईत नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे. कथक आणि भरतनाट्यम् यांत पदवी, पदव्युत्तर पदवी घेता येते. त्यासाठी बाईला आपले कूळ सांगावे लागत नाही आणि कुणाला तोंडही लपवावे लागत नाही. हे सहज मिळालेले नाही. त्यासाठी ज्यांनी किंमत मोजली, त्यांत मेनका यांच्यासारख्या सुस्थितीतील स्त्रिया होत्या, आपली घराण्याची विद्या परक्यांपुढे खुली करणारे गुरू होते आणि ज्यांच्या हातून ही कला निसटली त्या अनाम तवायफाही होत्या. शेवटच्यांची नावे कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेवर छापली गेली नाहीत.

बोरघाटातून जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून खंडाळा क्षणभर दिसते आणि मागे पडते. तेथे कधी काळी तीन प्रांतांचे गुरू एकत्र बसत आणि मुंबईच्या मुली पहाटे ततकाराचा रियाज करीत, हे प्रवाशांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याच प्रवाशांपैकी एखाद्याची लेक संध्याकाळी शिबिराच्या समारोपाला पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहणार असते. ती समेवर बरोबर आली की सभागृहात टाळ्या पडतात, आणि विंगेत उभ्या असलेल्या शिक्षिकेने रोखून धरलेला श्वास सुटतो.